मागितल्याशिवाय द्यायचं नाही

थेरपी सेंटरमध्ये खोल्यांबाहेर एक लांब बाक आहे. आत आपलं लेकरू रडत असतं, दार बंद असतं, आणि आपण मोबाईलमध्ये काहीतरी महत्त्वाचं वाचत असल्याचं सोंग घेऊन बसलेलो असतो. मी त्या बाकावर इतकी बसलेय की पंख्याचा वारा कुठल्या कोपऱ्यात लागतो तेही मला पाठ झालंय. हल्ली तिथं एखादी नवीन आई येते. चेहऱ्यावरूनच कळतं, हिला नुकतंच सांगितलेलं आहे. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून ती हळूच विचारते, "तुमची मुलगी बोलायला लागली का हो?" मी म्हणते, "लागली." तिचा चेहरा असा काही खुलतो की पुढचं माझ्याच्यानं सांगवत नाही. म्हणून लिहून ठेवतेय.

मी वैशाली, रिह्याची सून. मुळशीतलं रिहे, घोटवड्याच्या पुढचं. तोंडानं फटकळ आहे, हे गावात कुणीही सांगेल, तेव्हा गोड गोड काही लिहिता येणार नाही. ऑटिझम हा आजार नाही हे मला डॉक्टरांनी, टीचरांनी, सगळ्यांनी सांगून झालंय आणि ते खरंच आहे. माझी मुलगी आजारी नाही. पण ती काही वर्षं आमचं घर मात्र आजारी होतं. मी त्या आजारपणाबद्दल लिहितेय.

हाक

मुलीचं नाव संघमित्रा. घरात मित्रा. नाव आबांनी ठेवलं. आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. माझा नवरा प्रवीण हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतो आणि मी तिथल्याच एका कंपनीत हाऊसकीपिंगची सुपरवायझर होते. दोघंही अंधार पडल्यावर घरी यायचो. मित्राला वाढवलं ते आबांनी.

आबांचा जन्म लोकांच्या भातखाचरात मजुरी करण्यात गेला. उतारवयात ते एका पुणेकर कुटुंबाच्या फार्महाऊसवर राखणीला होते. झाडांना पाणी घालायचं, गेट सांभाळायचं. मित्राला खांद्यावर टाकून ते सकाळी निघायचे. ती तिथं पाइपातून पडणारं पाणी बघत बसायची. तास न् तास बघायची. आम्हाला वाटायचं, काय गुणी पोर आहे, रडत नाही, त्रास देत नाही.

पण हाक मारली तरी वळायची नाही. शेजारच्या बाया म्हणायला लागल्या, "आगं, हिला ऐकू येत न्हाई का काय?" त्यावर आबा चिडायचे. "भैरी न्हाई ती. आतल्या खोलीत जाऊन कुरकुऱ्याची पुडी फोड बघू. हितनं पळत येती का न्हाई बघ." आणि खरंच पळत यायची. कानांची तपासणी केली, कान चांगले निघाले. मग कुणी म्हणालं मोबाईल दाखवता म्हणून, कुणी म्हणालं बाप उशिरा बोलला होता म्हणून. चुलतसासूबाई कुठूनसा मंतरलेला दोरा घेऊन आल्या, तर आबांनी त्यांना ओट्यावरच थांबवलं. "गंडादोरा ह्या घरात यायचा न्हाई. डॉक्टर सांगल तेच करायचं." सगळ्यांदेखत सांगितलं आणि शेवटपर्यंत पाळलं.

तो दिवस

पुण्यातल्या डॉक्टरांची खोली खेळण्यांनी भरलेली होती. मित्रानं एक ट्रक उचलला, उलटा केला आणि त्याची चाकं फिरवत बसली. बाहुली दाखवली, घंटा वाजवली, तिला काही नाही. चाकं आणि ती.

डॉक्टरांनी मला विचारलं, "काही हवं असलं की ती काय करते?"

मी विचार करू लागले. काय करते? आठवेना. "काहीच करत नाही," मी म्हणाले. "तिला काय पाहिजे ते आबांना कळतं. ते देतात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी तो शब्द सांगितला. प्रवीण म्हणाला, "किती दिवसांत बरी होईल?" गाडी सर्व्हिसिंगला टाकल्यासारखं विचारलं बिचाऱ्यानं. डॉक्टर चांगले होते, हसले नाहीत. म्हणाले, "बरं होणं असं यात नसतं. पण शिकू शकते, पुष्कळ शिकू शकते. एक मूल आणि एक शिकवणारी, समोरासमोर, रोज. तसं करावं लागेल."

खाली आलो तर पार्किंगवाला म्हणाला की गाडी चुकीच्या जागी लावलीत. एवढंच म्हणाला तो. माझं तोंड जे सुटलं! काय काय बोलले त्याला, देव जाणे. तो नुसता उभा. "ताई, मी काय केलं?" मग मी गाडीत बसले आणि पदर तोंडात कोंबून रडले. प्रवीणनं गाडी सुरूच केली नाही. मागं मित्रा सीटबेल्टचं बक्कल लावत होती, काढत होती, लावत होती. तेवढ्यात काचेवर टकटक झाली. तोच पार्किंगवाला पाण्याची बाटली घेऊन आला होता. बाटली दिली आणि निघून गेला.

घरी आल्यावर आबांना सांगितलं. "म्हंजी काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "म्हणजे आबा, तिला आपल्यासारखं सांगता येत नाही. काय हवं, काय दुखतंय, काही सांगता येत नाही." आबा मित्राकडे बघत म्हणाले, "मला तर समदं सांगती की ती."

छोटं टेबल

मी नोकरी सोडली. अशा मुलांना शिकवायचं सेंटर हिंजवडीत. रिह्याहून निघायचं, घोटवडे, माण, आणि मग कंपन्यांच्या गाड्यांची ती रांग. मित्राला हॉर्न सहन होत नाही. ती कान दाबून सीटवर डोकं आपटायची. मी माझा तळहात तिच्या डोक्यामागे धरायची. सेंटरला पोचेपर्यंत आम्ही दोघी घामाघूम, आणि निम्मा वेळ संपलेला.

रुचिरा टीचर सोलापूरकडच्या. वयानं माझ्याहून लहान. खोलीत एक छोटं टेबल, दोन छोट्या खुर्च्या, घट्ट झाकणाचे पारदर्शक डबे. बस्स. मित्रा पहिले कितीतरी दिवस नुसती रडली. दाराच्या काचेतून मला टीचरची पाठ दिसायची आणि मित्राचे पाय. मी एकदा दार ढकलून आत जाणार होते, तर बाकावरच्या एका आईनं माझा हात धरला. मोठ्या टॉवरमध्ये राहणारी, इंग्रजीत बोलणारी बाई, पण हात असा धरला जशी सख्खी बहीण. "मत जाओ. मैं गयी थी. फिर से जीरो से शुरू करना पड़ा." मग तिनं डब्यातली इडली मला दिली आणि दोघीही रडत रडत खाल्ली.

काम कसं चालतं ते सांगते. मित्राला साबणाचे फुगे आवडायचे. टीचर फुग्यांची बाटली समोर धरायच्या, पण झाकण बंद. वाट बघायच्या. मित्रा हिसकायची, किंचाळायची, टेबलाखाली जायची. टीचर शांत. मग कधीतरी तिचा हात नुसता पुढं यायचा, नाहीतर डोळे वर व्हायचे, की लगेच, त्याच क्षणी, फुगेच फुगे! आणि शाबासकी. पुन्हा झाकण बंद. पुन्हा वाट. असं दिवसभरात किती वेळा, ते त्या टीचरनाच माहीत. मला एवढा धीर सात जन्मांत धरता आला नसता.

एके दिवशी त्यांनी मला समोर बसवलं. "मित्राच्या आई, घरी पण हेच. तिला हवं ते डोळ्यांसमोर ठेवायचं, पण हाताला लागू द्यायचं नाही. ती तुमच्याकडे आली पाहिजे. हात लावू दे, आवाज करू दे, काहीही चालेल. मागितलं की लगेच द्यायचं. मागितल्याशिवाय द्यायचं नाही. आणि तुम्हाला कळलं तरी कळलं नाही असं दाखवायचं."

बाकावरच्या प्रत्येक आईला हे शेवटचं वाक्य बोचतं. आपल्या लेकराला तहान लागलीय हे दिसतंय, आणि आपण भिंतीकडे बघायचं. पण मला ते जमलं. मी मुळातच कठोर असेन.

आबांना जमलं नाही

मित्रा फ्रॉकची कड हुंगायला लागली की तिला भूक लागलेली असते. एका पायाची टाच दुसऱ्यावर घासली की शू. बारीक गुणगुणली की तिला आवाजाचा त्रास होतोय. हे सगळं मला नंतर कळलं. आबांना तिच्या जन्मापासून कळत होतं. कड नाकाला लागायच्या आत भाताचा घास तिच्या तोंडात असायचा.

घरी खाऊचे डबे फळीवर चढले, तसे आबांचे खिसे फुगायला लागले. चुरमुरे, चिक्की, गुळाचा खडा. मी एकदा पकडलंच. राग आला की माझी शहरी भाषा गळून पडते. "आबा, काय चालवलंय तुमी? मी दिसभर घसा फोडतीया आन् तुमी मागनं भरवताय!"

"मग काय करू? उपाशी ठेवू? मागाया काय भिकारी हाय का ती?"

"मागायलाच शिकवायचंय तिला! उद्या आपन न्हाई ऱ्हायलो तर कोन देईल तिला पान्याचा घोट? नुसतं तोंडाकडं बघून वळखनारं तुमी एकलेच हाय ह्या जगात. तुमच्यामागं काय करायचं तिनं?"

आबांनी खिसे माझ्यासमोर रिकामे केले. मग ओट्यावर बसून त्यांनी जे सांगितलं ते त्याआधी प्रवीणलाही माहीत नव्हतं.

"माझा बा लौकर गेला. आजी मला संगं न्यायची. लोकांच्या अंगणाच्या भाईर उभं ऱ्हायचं. आजी हाळी द्यायची, भाकर वाढा वं माय. कोन वाढायचं, कोन न्हाई. तान लागली की पानी मागायचं. मंग खाली बसून वंजळ धरायची, वरनं वतायचे. भांडं हाताला लागू द्येयाचे न्हाईत. निम्मं अंगावर सांडायचं. तवाच ठरिवलं, माझ्या घरात कुनी कुनाला मागायचं न्हाई. माझ्या घरातलं लेकरू तर न्हाईच न्हाई."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की लग्न होऊन आल्यापासून मी त्या घरात कधी काही मागितलंच नव्हतं. कामावरून आले की दाराशी पाण्याचा तांब्या भरलेला असायचा. मला वाटायचं, असतो आपला. तो आबा भरून ठेवत होते.

पण माझी मुलगी तर बोलत नव्हती ना. त्यांचं दुःख खरं होतं आणि माझी भीतीही खरी होती, आणि दोघांच्या मध्ये ती पोर फ्रॉकची कड हुंगत बसली होती.

टीचर म्हणाल्या, आबांना घेऊन या, त्यांनाही शिकवू. आबा धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. छोट्या खोलीत कोपऱ्यात बसले. टीचरनी टेबलावर घट्ट झाकणाची पाण्याची बाटली ठेवली. मित्रानं झाकण ओढलं, निघेना. तिनं बाटली टीचरच्या पुढ्यात ढकलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं स्वतःहून बाटली कुणाकडे तरी दिली होती! टीचर वाट बघत होत्या, एक आवाज, नुसता एक आवाज आला असता तरी पुरे होतं. मित्राचे ओठ हलले. मी काचेला नाक लावून बघत होते. आणि मग मित्रानं मान वळवून आबांकडे पाहिलं. आबा उठले, झाकण काढलं, बाटली तिच्या तोंडाला लावली.

टीचर रागावल्या नाहीत. उलट त्यांच्याजवळ खाली बसल्या. "आबा, तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला तिचं सगळं कळतं, पण म्हणूनच तुम्ही असलात की तिला बोलायची गरज पडत नाही. आपण हळूहळू शिकू."

परतीच्या वाटेवर आबा प्रवीणच्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणाले, सेंटरजवळ खोली घेऊ या, प्रवासात पोरीचा जीव जातोय. ते खरंच होतं, पण तेवढंच कारण नव्हतं, आणि प्रवीणनं ते ओळखलं. घरी आल्यावर पेटला. "म्हंजी माझ्या बापाला एकलं टाकून जायचं व्हय? जन्म दिलास तू, वाढवलं त्येनं, आन् आता तोच अडचण झाला व्हय?" मीही काही कमी नाही. जे बोलू नये ते बोलले. घरात कितीतरी दिवस भांड्यांचाच आवाज होता.

तिढा आबांनीच सोडवला. एका सकाळी बूट घालता घालता म्हणाले, "प्रव्या, हिंजवडीजवळ चांद्यात खोली बघ. पोरगी तितनं लौकर पोचंल. मी हाय की हितं."

"आबा, तसं काय न्हाई..." मी म्हणायला गेले.

"तसंच हाय. मी असलो की ती गप ऱ्हाती. डॉक्टर सांगल तेच करायचं, मीच म्हनलोय न्हवं? बोलाय लागली की मला बोलवा."

आम्ही सामान भरलं त्या दिवशी ते घरी थांबले नाहीत. झाडांना पाणी घालायला निघून गेले.

चांद्यातली खोली

खोलीची मालकीण म्हणजे कमलकाकू. त्यांच्या लोकांनी शेत बिल्डरला विकलं आणि उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्यांची ओळ बांधली. जुनी शेतकरी माणसं, बोलायला मोकळी. मित्राचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की. माझी पोरं बोलत्यात, ती तरी कुटं माझं ऐकत्यात?"

मित्रा आबांना शोधायची. कसं कळलं सांगू? रस्त्यानं पांढऱ्या शर्टाचा कुणी म्हातारा चालला की ही धावत जायची, त्याच्या बाहीला नाक लावायची आणि परत यायची. एकदा एकानं तिला झिडकारलं. मी त्याला झापलं आणि घरी येऊन मोरीत नळ सोडून रडले.

आबा एकदा येऊन गेले. दिवसभर ती त्यांच्या अंगावर होती. दिवसभर तोंडातून आवाज नाही की हात पुढं नाही. दुसऱ्या दिवशी सेंटरमध्ये तिनं टेबल उलथवलं. हे मी आबांना सांगितलं, का सांगितलं कुणास ठाऊक. ते म्हणाले, "मग न्हाई येत मी आता." मी "या हो" म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं की नको, याचा निवाडा मला आजही करता येत नाही. रोज संध्याकाळी फोन मात्र यायचा. "बोलली का?" "नाही आबा." "बरं."

मग एके दिवशी टीचरनी दार उघडून मला नुसती खूण केली. मी दारात उभी राहिले. त्यांनी फुग्यांची बाटली धरली. मित्रानं त्यांच्याकडे बघितलं, अगदी डोळ्यांत, आणि म्हणाली, "दे."

बाई गं! फुगे उडत होते, टीचर हसत होत्या आणि रडतही होत्या. बाकावरच्या सगळ्या आया दारात जमल्या. मित्रा आमच्याकडे बघतही नव्हती, तिला फक्त पुढचे फुगे हवे होते. "दे. दे. दे."

त्यानंतर शब्द एकेक करून आले. पाणी. भात. झोका. एकेका शब्दाला आठवडे लागले. मागायची एक रीत टीचरनी तिला शिकवली. माणसाजवळ जायचं, दंडावर दोनदा टकटक करायची, तोंडाकडं बघायचं, मागायचं आणि हात पुढं करून थांबायचं. ती ते अगदी शिस्तीत करायची. शब्दांच्या कार्डांत माझा आणि प्रवीणचा फोटो होता. आबांचा आम्ही मुद्दाम ठेवला नव्हता. उगाच आठवण नको, म्हणून.

आणि एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते, तर पलीकडे कमलकाकू धान्य निवडत बसलेल्या. मित्रा त्यांच्यापाशी गेली. दंडावर टकटक केली. "पाणी." काकू उठल्या, आत गेल्या, ग्लास भरून आणून दिला. ती प्यायली आणि निघून गेली. बस, एवढंच. काकूंना त्यात काही विशेष वाटलंसुद्धा नाही. मी तिथंच वाळत घालायचं ओलं लुगडं छातीशी धरून उभी.

मी संध्याकाळची वाट बघितली नाही, लगेच फोन लावला. "आबा, मित्रानं पाणी मागितलं. मला नाही, घरमालकिणीला. परक्या बाईला!"

पलीकडे आबांनी पाण्याचा पाइप बंद केल्याचा आवाज आला.

"दिलं का?" आबांनी विचारलं.

"दिलं की."

"कशात?"

मला आधी कळलंच नाही काय विचारताहेत. मग कळलं. "ग्लासात, आबा. त्यांच्या घरातल्या स्टीलच्या ग्लासात."

"हातात दिला?"

"हातात दिला. ती प्याली, ग्लास परत त्यांच्या हातात दिला."

आबा खोकले. रडत असावेत. "मग चांगलं झालं," ते म्हणाले. "मग मागू दे तिला. मी येतो रविवारी. मला मागंल का गं ती?"

"मागेल. पण तुम्ही लगेच द्यायचं नाही हं. गप बसायचं."

"बसतो बाई. हात मांडीखाली दाबून बसतो."

शनिवारी सकाळी फार्महाऊसच्या शेजारच्या माणसाचा फोन आला. आबा पाण्याच्या टाकीपाशी पडले होते. पौडच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

आम्ही मित्राला कमलकाकूंपाशी ठेवून गेलो. गर्दी, रडारड, एवढी माणसं, तिला ते झेपलं नसतं. तिला नेलं नाही हे बरोबर केलं, असं मला वाटतं. रोज नाही वाटत.

आबा दे

सगळं आटोपून आम्ही परत चांद्याला आलो त्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी मी तांदूळ धूत होते. दंडावर दोनदा टकटक झाली. मी वळले. मित्रानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, "आबा दे."

हे तिला कुणीही शिकवलेलं नव्हतं. एकेकच शब्द बोलायची ती. दोन शब्द जोडून तोवर कधी बोलली नव्हती, आणि आबा हा शब्द तर आम्ही तिच्यासमोर टाळत होतो. कधीपासून आत ठेवला होता तिनं तो, कोण जाणे.

हात पुढं करून ती थांबली. शिकवलं होतं तसंच, न ओरडता, न हिसकता. मी काही बोलत नाही म्हटल्यावर तिला वाटलं असावं की आपलंच काहीतरी चुकलं. तिनं तिची छोटी खुर्ची ओढून आणली. ताठ बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यापेक्षा स्पष्ट, तोडून तोडून म्हणाली, "आबा. दे."

मी कपाटातून आबांचा फोटो आणून दिला. तिनं बघितला आणि जमिनीवर ठेवला. हात पुन्हा पुढं केला. प्रवीण आत होता, त्यानं ऐकलं. तो माझ्या अंगावरून बाहेर गेला आणि गाडीत जाऊन बसला, काचा वर करून.

दुसऱ्या दिवशी टीचरना सांगितलं. त्या मित्राच्या छोट्या खुर्चीवर बसल्या. "मित्राच्या आई, स्वतःहून दोन शब्द जोडले तिनं. आपण याचीच वाट..." मी विचारलं, "तुम्हीच सांगितलं ना, मागितलं की लगेच द्यायचं? आता काय देऊ?" त्या म्हणाल्या, खरं सांगा. आबा नाहीत. दर वेळी तेच, त्याच शब्दांत. आणि मला धीर द्यायला म्हणाल्या, "ज्या मागण्याला काही मिळत नाही, ते मागणं मुलं हळूहळू सोडून देतात. थोडे दिवस जातील, मग ती नाही मागणार."

तेव्हा बाकावर नव्यानं बसलेल्या बाई, तुमचं मूल बोलेल. कदाचित उशिरा, कदाचित एखादाच शब्द, पण धीर सोडू नका. टीचर सांगतील ते करा, ते बरोबरच असतं. मी पुन्हा तसंच करेन. फक्त तुमच्या घरात न बोलता कळणारं कुणी असेल, तर त्याला लांब ठेवू नका. आत नको, पण बाहेर या बाकावर रोज तुमच्या शेजारी आणून बसवा. हात मांडीखाली दाबून बसेल तो. त्याला ऐकू द्या.

मित्रा आता पाणी मागते, भात मागते, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बिस्किटाचा पुडा मागते. आबांना सुरुवातीला रोज मागायची. मग एक दिवसाआड. स्वयंपाक करताना मी मुद्दाम दाराकडं पाठ करून उभी राहते, म्हणजे काही हवं असलं तर तिला येऊन दंडावर टकटक करावी लागेल.

या आठवड्यात तिनं आबांना मागितलं नाही.